काळ्या फडक्याआडचा लोहगड

मळवली स्थानकाबाहेर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले असता डावीकडे विसापूर आणि उजवीकडे लोहगड दिसतो. परंतु घरी बेतलेल्या माझ्या कॅमेऱ्यामागे, काळे फडके डोक्यावर ओढून, घासलेल्या काचेवर तेच दृश्य प्रथम पाहिले तेव्हा गडांनी आपल्या बाजू बदलल्या होत्या आणि लोहगडाच्या विंचूकाटा नावाच्या सोंडेसकट दोघेही आभाळ पायतळी घेऊन उलटे लोंबत होते. हे प्रतिबिंब खरे म्हणावे की खोटे, हा प्रश्न त्या काळोखात मनात शिरला तो फडके दूर केल्यावरही हटेना.

वेदान्त्यांच्या दप्तरी ही कैफियत जुनीच आहे. विवरणमताप्रमाणे आरशातले मुख हे ग्रीवेवरील मुखाहून निराळे नाहीच, त्याचे ‘तेथे’ असणे तेवढे भ्रममूलक. सुरेश्वराचार्यांच्या आभासपक्षाने मात्र प्रतिबिंबालाच मिथ्या ठरविले. दाखला दोघांनीही आरशाचा घेतला, आणि आरशाच्या पाठीमागे पाहू गेल्यास भिंतीवाचून काही सापडत नाही. भिंगाची गोष्ट वेगळी. तेथे किरण खरोखरीच एकत्र येतात. काच काढून घेतली तरी प्रतिमा पेटीतील पोकळीत आपल्या जागी असतेच.

ही ‘जागा’ किती काटेकोर असते, ते मला फजितीने शिकविले. पेटी जुन्या खिडकीच्या सागवानाची, भाता काळ्या कापडाचा, भिंग 6 इंची आणि काच 4 बाय 5 इंचांची. भात्यात रात्री दिवा ठेवून सुईच्या अग्राएवढी छिद्रे हुडकून बुजविली. काच दुसऱ्या काचेवर कार्बोरंडमची पूड व पाणी घालून मनगट दुखेतो घासली. आणि एवढा बंदोबस्त करून ती चौकटीत नेमकी उलटी बसविली. खरबरीत बाजू भिंगाकडे असावयाची, ती राहिली माझ्याकडे. काचेवर तटाची रेघ धारदार दिसत होती, निगेटिव्हवर सारा लोहगड दुधात विरघळला. फरक काचेच्या जाडीहूनही कमीच होता.

पाहणे हेच निर्माण करणे, असे दृष्टिसृष्टिवादी म्हणतात. तसे असते तर मी पाहिला तसाच गड उमटावयास हवा होता. शिवाय चित्र घेतेवेळी काचेच्या जागी फिल्मची चौकट सरकवावी लागते, सबब ज्या क्षणी प्रतिमा उमटते त्या क्षणी तिला कोणी द्रष्टाच नसतो. यावर तो वादी विचारील, की फिल्म तरी शेवटी तूच पाहिलीस ना? त्याला बिनतोड जबाब माझ्यापाशी नाही. काच फिरवून बसविल्यावर गड स्वच्छ आला, एवढेच सांगेन. माझा कल विवरणकारांकडे आहे.

प्रतिबिंबाला बिंबाहून निराळे न मानण्याचा तो कल आमच्या मावळात नवा नव्हे. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत काढलेला शिळाछापखाना पुढे याच मळवलीस आला. त्याच्यासाठी प्रकाशलेखनाने शिळेवर चित्रे उतरविण्याचे काम दादासाहेब फाळके यांनी केले, आणि पुढे स्वतःचा छापखाना काढला तोही लोणावळ्यासच. (त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913चा, पडद्यावर देव दाखविण्याआधी त्यांनी कागदावरच्या देवांची अशी उमेदवारी केली होती.) रंगागणिक वेगळ्या शिळेवरून निघालेली लक्ष्मी घरोघरी चौकटीत बसली, आणि ती बिंब की प्रतिबिंब याची चौकशी कोणी केली नाही, हळदकुंकू लावले. आमच्या देवघरातही तशी एक तसबीर आहे. कडा कसरीने खाल्ल्या आहेत, आणि लक्ष्मीच्या कपाळाच्या अदमासाने आजीने बोटाने लावीत आणलेल्या कुंकवाचा थर आहे तो वरच्या काचेवर, चित्रापासून एका काचेच्या जाडीइतका अलीकडे.