शुद्धीची परीक्षा

रायगड किनाऱ्यावरच्या हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आणि समुद्रकाठी पितरांची कार्ये, ही तिथली रीत. पाणी माणसाला शुद्ध करते, या श्रद्धेवर असे तीर्थ उभे असते. पण पाणीच बाटले असे कुणी म्हटले, तर ते शुद्ध कसे करायचे? याच जिल्ह्यात त्याची दोन उत्तरे सापडतात, आणि दोन्हींत पाण्यात काहीतरी मिसळावेच लागते. पहिले उत्तर महाडचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, या मुंबई विधिमंडळातील बोले यांच्या १९२३च्या ठरावानंतर तिथल्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी ते पाणी प्यायले. मग सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते तळ्यात परत ओतले. दुसरे उत्तर ग्रामपंचायतीच्या विहिरीवरचे. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची आणि अर्धा तास थांबायचे. मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी: नळीतले पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही झाले तर काम फसले.

माझे म्हणणे असे, की जी शुद्धी फसू शकते तीच खरी शुद्धी. टीसीएल वापरणाऱ्याला मळ कोणता हे सांगावे लागते, मात्रा ठरवावी लागते आणि आपले औषध स्वतःच विषारी आहे हे विसरून चालत नाही. त्यात आम्ल पडले तर क्लोरीन वायू सुटतो. तो मिसळणाऱ्याचा हेतू विचारत नाही. १०८ घागरींना मात्र कोणतीच परीक्षा नव्हती. उलट शेणासारखे सेंद्रिय पदार्थ पाण्यातला क्लोरीन खाऊन टाकतात.

यावर कुणी म्हणेल, विधी जंतूंसाठी नसतो, मनासाठी असतो. मान्य. पण मग मंत्र ओतणाऱ्यांच्या मनावर व्हायला हवे होते. ते तळ्यावर झाले, आणि ज्या तळ्यावर जनावरे मोकळी पाणी पीत, तिथे माणसांना मळ ठरवून गेले. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: जंतू तरी कुणाला डोळ्यांनी दिसतात? क्लोरीनवरचा विश्वास हीही श्रद्धाच. असेल, पण ही श्रद्धा पडताळता येते. नळी कुणाच्याही हातात द्या, पिवळा रंग जात पाहून बदलत नाही. घागरींचा निकाल मात्र ओतणाऱ्यांच्याच हाती होता. तळ्याचा वाद शेवटी उच्च न्यायालयात गेला आणि १९३७ साली निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. तिथे दावा करणाऱ्यांना पुरावा द्यावा लागला होता.

म्हणून कोणत्याही शुद्धीकर्त्याला, मग तो पुरोहित असो वा पाणीपुरवठा कर्मचारी, एक प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला हवा: तुमचे चुकले, तर ते आम्हाला कळणार कसे? याला ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याच्या हाती पाणी देऊ नये, आणि माणूस तर मुळीच देऊ नये.