मात्रा आणि आग्रह

दौंडच्या आमच्या घरी पानावर बसलेल्या माणसाने ‘पुरे’ म्हटले, तर ते कोणी खरे मानीत नसे. पुरे म्हणणे हे जेवणाराचे काम, आणि न ऐकणे हे वाढणाराचे. या वळणात वाढलेल्या माझ्या हातून काही वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून स्वयंपाकघर व औषधालय यांच्यामधला उंबरठा मला दिसू लागला.

शिरूरला माझ्या मावशीला कर्करोगाने गाठले. उपचारांनी मळमळ इतकी वाढली, की तिला अन्नाचा वासही सोसेना. एका परिचिताने घरी वळलेले विजयेचे मोदक आणून दिले. विजया म्हणजे आपली भांग. मदनानंद मोदकासारखे विजयायुक्त पाक आयुर्वेदाला जुनेच माहीत असल्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटले नाही. सांगणे एवढेच होते : रात्री अर्धा. मी अर्धा दिला. तासभर वाट पाहिली; मावशी तशीच कण्हत होती. मग उरलेला अर्धा दिला, आणि थोड्या वेळाने आणखी एक. मध्यरात्रीनंतर ती मला ‘बाबा’ म्हणून हाक मारू लागली, आणि दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत नीट भानावर आली नाही. ती वाचली. पुढे एकदा म्हणाली, “तू प्रेमानंच दिलंस रे.” तिने रागावायला हवे होते.

धुराने घेतलेली नशा मिनिटांत चढते. खाल्लेली पोटातून यकृतात जाते, तेथे अधिक प्रखर रूप घेते, आणि तिला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन तास. हा मधला काळ मोठा फसवा. २०१४ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अशाच एका बिस्किटाचा, सांगितल्याप्रमाणे, सहावा भाग खाल्ला. काही होईना म्हणून बाकीचे सगळे खाल्ले, आणि सज्जावरून उडी घेऊन तो मेला. तेथील राज्याने पुढे नियम कडक केले : एका वेळेच्या भागात दहा मिलिग्रॅमहून अधिक द्रव्य नको, आणि तो भाग सहज मोडून वेगळा काढता आला पाहिजे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने शेंड्याचा फुलोरा म्हणजे गांजा ठरवला, नुसते पान त्यातून वगळले. महाराष्ट्रात त्या पानावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची नजर आहे. बी २०२१ पासून रीतसर खाद्यपदार्थ. आणि पान औषधात घातले, की १९४० चा औषधांचा कायदा लागू होऊन वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. एकाच झाडाचे बी अन्न, पान औषध आणि फूल परवान्यावाचून गुन्हा! अन्न व औषध प्रशासन या एकाच खात्याच्या नावात दोन्ही शब्द शेजारी बसले आहेत. पण माझ्या हातातला तो मोदक नेमका त्या दोन शब्दांमधल्या ‘व’वर उभा होता.

दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकतो, बोटांत धरून पाहतो, आणि नेमक्या क्षणी काहील उतरवतो. त्याच्याजवळ तराजू नाही, अंदाज आहे. आणि त्या अंदाजावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. मग मोदक वळणाऱ्या हातावर का नको? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. उत्तर असे सुचते, की गुळव्याची चूक त्याला स्वतःलाच दिसते. गूळ करपतो, चिकट राहतो, ढेप बसत नाही. विजयेची चूक करणाराला दिसत नाही. एका झाडाचे पान दुसऱ्यासारखे नसते. सारण नीट मिसळले नाही तर एका मोदकात काहीच नाही आणि दुसऱ्यात सगळे, आणि दोन्ही चवीला सारखेच. जेथे चूक हाताला व जिभेला कळत नाही, तेथे सचोटी असूनही भागत नाही. तेथे तराजू आणि प्रयोगशाळाच लागते.

यावर आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. परवाना, प्रत्येक घाण्याची तपासणी, नोंदवह्या हे सारे एखाद्या लहान वैद्याला झेपणार नाही. मोठे कारखाने तेवढे उरतील, आणि शिरूरच्या रोग्याला औषध परवडणार नाही. मग चोरून वळलेले मोदकच पुन्हा घरी येतील. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगानेही सरसकट बंदीपेक्षा नियंत्रणाकडेच कौल दिला होता, हे येथे आठवते. म्हणून मला वाटते, रांधण्याचे काम लहान स्वयंपाकघराकडे राहू द्यावे, मोजण्याचे मात्र काढून घ्यावे : अर्क मोजून-तपासून बाहेरून यावा, तपासणीचा खर्च सरकारने उचलावा, आणि एक गोळी म्हणजेच एक मात्रा असावी, अर्ध्याचा हिशेब रोग्याच्या भाच्यावर सोपवू नये. आणि औषध इतके गोड तरी का असावे? काढा कडू असे, त्यामुळे दुसरा पेला कोणी मागत नसे.

डब्यात चार मोदक उरले होते. घोडनदीत सोडावेत म्हणून मी घाटावर गेलो, तर पाण्यात पोरे डुंबत होती. त्यांतल्या एकाने डब्याकडे पाहून विचारले, “प्रसाद हाय का?” मी तसाच परत फिरलो आणि परसात खड्डा खणून ते पुरले.