न पाहिलेली होडी

वर्सोव्याचा कुणी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील वापरलेली होडी घेऊ लागला की हितचिंतक म्हणतात, ‘विकणारा दीनी भाऊ आहे, तपासायला माणूस पाठवणे ही बदगुमानी होईल.’ मला हे मान्य नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत स्वतः हात घातला आणि आतली ओल उघडकीस आणली. पाहणे हा संशय नव्हे.

शिवाय विकणारा प्रामाणिक असूनही अनभिज्ञ असू शकतो. लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाहेर टाचणीएवढे छिद्र ठेवतो आणि आत फळी पोकळ करतो. होडी किनाऱ्यावर ओढून, तळ ठोकून पाहणाऱ्या जाणकारालाच ते कळते. बुडणार ते खलाशी. त्यांचे प्राण तुमच्या भिडेपेक्षा मोलाचे आहेत.

हनफी फिक्हनुसार न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर नाकारता येते. शाफई मसलकात, आणि कोकणातले आपण बहुतेक शाफईच, प्रचलित मतानुसार असा सौदाच ग्राह्य नाही. स्वतः जाणे जमत नसेल तर खरेदीसाठी वकील नेमा, जाणकाराला सोबत घेऊन त्याने आधी होडी पाहावी. मात्र हा जाणकार विक्रेत्याने सुचवलेला नसावा, आणि त्याची मजुरी तुम्हीच द्यावी.