उतारशाळेंतील सेवा

यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु शोमरोनी मनुष्यानें केलेल्या कामाचा क्रम पुष्कळदां आपल्या ध्यानांतून निसटतो. त्यानें प्रथम जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधिल्या. मग त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें. आणि निघतांना आपण परत येऊं असें रक्षकास सांगितलें. उपचार, आश्रय व पुन्हां येणें, ह्या तिहींपैकीं एक जरी गळलें तरी दया अपुरी राहते.

पंडिता रमाबाईंनीं हा क्रम ओळखला होता. १८९७ सालीं मध्यप्रांतांतील दुष्काळांतून त्यांनीं पुष्कळ अनाथ मुली आणिल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग होता, म्हणून त्यांस केडगांवीं नेऊन ठेविलें. उपाशी देहांस नुसतें छप्पर पुरत नाहीं. अन्न, शुश्रूषा व दीर्घकाळचा सांभाळही द्यावा लागतो.

आतां मिरा-भाईंदर शहराकडे पाहूं. खाडीच्या व मिठागरांच्या कांठीं वाढलेल्या ह्या शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतींत ८,०९,३७८ भरली. अशा शहरांत खेड्यांतील तरुण मजुरीस जातात. काम सुटलें किंवा आजार आला कीं कित्येकांचें बिऱ्हाडही जातें. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं शहरांतील बेघरांसाठीं निवारे उभारण्याविषयीं हुकूम केले. २०१३ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेंत लाख वस्तीमागें शंभर माणसांचा एक निवारा, तोही बारा महिने दिवसरात्र उघडा, असें प्रमाण ठरलें. त्या हिशेबानें ह्या एका शहरास निदान आठ निवारे पाहिजेत.

परंतु जेथें माणसें दाटीनें निजतात तेथें खरूज व क्षय सहज पसरतात. खरजेचें औषध एकट्यानें लावून भागत नाहीं. जवळ निजणाऱ्या सर्वांनीं तें एकाच वेळीं लाविलें पाहिजे, व कपडे आणि अंथरुणें कढत पाण्यांत धुतलीं पाहिजेत. दोन आठवडे खोकला न थांबल्यास सरकारी दवाखान्यांत थुंकी फुकट तपासतात. क्षय निघाल्यास औषधही फुकट मिळतें. मात्र तें बहुधा सहा महिने न चुकतां घ्यावें लागतें.

येथेंच आपली परीक्षा आहे. खोकणाऱ्यास भिऊन आपण बाहेर काढिलें, तर त्याचें औषध मध्येंच सुटतें, जंतु त्या औषधास दाद देईनासे होतात, आणि तोच बळावलेला रोग ज्यांनीं त्यास घालविलें त्यांच्या दारीं येतो. उघड्या खिडक्या, तोंडास फडकें, निराळी खाट व रोज औषधाची आठवण, इतक्यानें पुष्कळ भय दूर होतें. क्षयरोग्याच्या आहारासाठीं नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये ठरले आहेत. पण ते बँकेच्या खात्यांत जमा होतात. ज्यास घर नाहीं, त्याचें खातें उघडण्यास सोबत कोण जाईल? लिहितांवाचतां येणाऱ्या उपदेशकानें एक दिवस मोडिला तर ही सेवा घडेल.

म्हणून आपल्या मंडळींतील जो कोणी शहरास गेला आहे, त्याचा ठावठिकाणा आपण ह्याच आठवड्यांत विचारूं. एकदां भेटून समाधान मानूं नये. औषध संपेपर्यंत पुन्हां पुन्हां जाऊं. प्रभु आपणांस परत जाणारे पाय देवो. आमेन.