श्रमाचा पुरावा कोणीं द्यावा?

पितरांचें ऋण कसें फेडावें याविषयीं आपल्या धर्मग्रंथांनीं पुष्कळ सांगून ठेविलें आहे. परंतु मृताच्या नांवावर राहिलेलें येणें वसूल करणें हें त्या ऋणफेडीचें अंग मानावें कीं लोभ समजावा, याविषयीं सुशिक्षितांचेंहि मत डळमळीत दिसतें. ‘माणूस गेलें, आतां त्याच्या पैशाच्या मागें काय लागावयाचें?’ असें म्हणणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. हें बोलणें वैराग्याचें वाटतें. परंतु ज्यास त्या पैशाची गरज नाहीं, बहुधा त्याच्याच तोंडीं तें असतें.

भंडारा जिल्ह्यांतील विडी-कामगाराचें उदाहरण घेऊं. १९९९ पर्यंत गोंदिया याच जिल्ह्यांत होता, आणि या सर्व मुलुखांत तेंदूच्या पानावर विड्यांचा धंदा वाढला. कारखानदार दूर असे, मध्यें सट्टेदार. तो पान व तंबाखू देई, हजारी हिशेबानें विड्या मोजून घेई, नापसंत ठरलेल्या वगळी आणि मजुरी देई. काम घरच्या ओसरीवर चाले. मांडीवर सूप घेऊन आई विड्या वळी, शेजारीं बसून मुलगी दोरा बांधी.

१९६६ च्या कायद्यानें अशा घरीं काम करणारांसहि कामगार मानलें, व १९७७ सालीं भविष्यनिर्वाह निधीचा कायदा या धंद्यास लागू झाला. घरीं वळणारे आमचे नोकरच नव्हेत, असा मालकांचा वाद होता. पी. एम. पटेल अँड सन्स यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं तो फेटाळला. पुढें १९९५ च्या नोव्हेंबरांत कामगार-पेन्शनची योजना आली. २०१४ सालीं त्या पेन्शनची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरली. शहरांतील सुखवस्तु गृहस्थास ही रक्कम क्षुल्लक वाटेल; खेड्यांतील एकट्या म्हाताऱ्यास ती वाटत नाहीं.

आतां अशी एखादी बाई वारली म्हणजे तिचा नवरा किंवा लेक कागदांच्या शोधास निघते. निधीसाठीं २० क्रमांकाचा अर्ज, पेन्शनसाठीं १०-डी. परंतु दोहोंच्या आधीं खात्याचा क्रमांक हवा. तो ठाऊक नसला तर ट्रंकेंतलें ओळखपत्र शोधावें, मजुरीचें पुस्तक शोधावें. तीं सांपडलीं तरी दाखल्यांत सासरचें नांव आणि खात्यांत माहेरचें. वय तर मुनिमानें अंदाजानें घातलेलें! कारखाना बंद पडला असला तरीहि सर्व वाटा खुंटत नाहींत. नव्या सभासदांची यादी ५ क्रमांकाच्या नमुन्यांत, व प्रत्येकाच्या वर्षभराच्या वर्गणीचा हिशेब ३-ए नमुन्यांत, मालकास निधीच्या कार्यालयाकडे पाठवावा लागे. म्हणजे जो कागद लेकीपाशीं मागितला जातो, त्याची जोड पुष्कळदां मागणाराच्याच दप्तरांत असावयाची.

कार्यालयानें शंका घेऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. निधि अनेकांच्या घामाचा आहे. तोतयास तो देणें म्हणजे खऱ्या हक्कदारास लुबाडणें होय. परंतु शंका घेणें निराळें आणि तिचा भार कोणावर टाकावा हें निराळें. लेखणी ज्याच्या हातीं होती, चूक त्याची. आणि ती निस्तरावयास मात्र जिला अक्षर ठाऊक नव्हतें तिच्या लेकीनें हेलपाटे घालावे, हा न्याय उलटा आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नाकारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, पेन्शन हें मालकाच्या मर्जीचें दान नव्हे. तो खटला सरकारी नोकरांचा होता. तत्त्व मात्र सर्व श्रमिकांचें आहे. ज्यानें श्रम घेतले त्यानेंच त्यांची आठवणहि जतन केली पाहिजे. तो त्या आठवणीचा मालक नव्हे, विश्वस्त आहे.

याहून अवघड प्रश्न पुढेंच आहे. कागद मुळींच न सांपडला तर ते श्रम झालेच नाहींत काय? एकाच्या नांवाच्या पुस्तकावर घरांतील तिघे राबत. दोरा बांधणाऱ्या त्या मुलीचें नांव कोणत्याच दप्तरांत नाहीं. वळलेल्या विड्या तर धूर होऊन गेल्या. विणकराचें लुगडें किंवा गवंड्याची भिंत मागें राहते. तिच्या बोटांच्या कामाचें कांहींच राहत नाहीं. म्हणून तो एक कागद शोधणें हा केवळ पैशाचा शोध नव्हे. ‘ही बाई होती, आणि तिनें इतकीं वर्षें काम केलें’ हें वाक्य कोठें तरी लिहिलेलें असावें, अशी ती धडपड आहे. तिला लोभ म्हणणें हा आम्हांस कोतेपणा वाटतो.

आणि कारखानदारांस दोष देऊन उठण्यापूर्वीं वाचकांनीं स्वतःच्या स्वयंपाकघराकडेहि एकवार पाहावें. वीस वर्षें आपलीं भांडीं घांसणारी बाई उद्यां वारली आणि तिच्या लेकीनें येऊन विचारलें, ‘माझ्या आईनें येथें काम केलें, याचें कांहीं लिहिलेलें आहे का?’ तर तिला दाखवावयास आपल्यापाशीं काय आहे?