वहाणेचा बंद



पायीची वहाण पायीच बरी, ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. खालच्याने खालीच राहावे, हा तिचा अर्थ. ख्रिस्ती म्हणविणारे आपणही ती सहज बोलून जातो. पवित्र शास्त्र मात्र वहाणेविषयी निराळेच सांगते.

प्रभूच्या काळची वहाण साधी असे. चामड्याचा तळ व तो पायाला बांधण्यास बंद. मसादा किल्ल्यावर 1963 ते 1965 या काळात उत्खनन झाले, तेव्हा पहिल्या शतकातील अशा वहाणा सापडल्या. यहूदी गुरूंची शिकवण अशी की, शिष्याने गुरूची सर्व सेवा करावी, पण वहाणेचा बंद सोडू नये. ते दासाचे काम. बाप्तिस्मा करणारा योहान तर म्हणतो की, प्रभूसाठी तेवढे करण्याचीही आपली योग्यता नाही (योहान 1:27).

आणि त्याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काय घडते? तोच प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो! उधळा पुत्र चाकर होण्याच्या तयारीने घरी येतो, तर बाप त्याच्या पायांत वहाणा घालावयास सांगतो. कारण तो पुत्र आहे (लूक 15:22). म्हणीने ज्याला खाली ठेवले, त्याला सुवार्ता वर उचलते.

बेळगाव जिल्ह्यात अथणी, निपाणी येथे कोल्हापुरी वहाणा आजही हातांनी घडतात. बाभळीची साल व हिरडा यांनी कातडे कमावायचे, तळ शिवायचा, वेणी घालायची. घरच्या बायकाही या कामात असतात. 2019 साली या वहाणांना भौगोलिक मानांकन मिळाले. वहाणेला मान मिळाला. ती शिवणाऱ्याला आपण किती दिला? गरिबाला एका जोड्यासाठी विकणाऱ्यांवर देवाचा कोप होईल, असे आमोस संदेष्ट्याने बजावले आहे (आमोस 2:6).

काही मंडळ्यांत आपण मंदिराच्या दाराशी वहाणा काढतो. पण कोण कोणत्या जातीतून आला, ही विचारणा आत घेऊन जातो. सोयरीक जुळविताना तर तीच आधी पुढे येते. हे आम्ही परक्यांविषयी लिहीत नाही, आपल्याच घरांविषयी लिहितो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येत्या रविवारी मुलांना एवढेच विचारावे : तुझ्या पायांतील चप्पल कोणी शिवली? तो माणूस आज येथे आला, तर तू सरकून त्याला जागा देशील का? मुले आपल्याकडे पाहूनच उत्तर देतील.

प्रभू आपल्याला वाकण्याची कृपा देवो. आमेन.