एकसारखे आणि एक : पात्रगणनेविषयी काही विचार

नाटकाच्या छापील प्रतीत आरंभी पात्रांची यादी असते आणि तिच्या अखेरीस बहुधा 'शिपाई, दासी, नागरिक इत्यादी' अशी एक ओळ असते. या 'इत्यादी'मध्ये नेमकी किती पात्रे सामावलेली आहेत, हा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच गांभीर्याने विचारला आहे. नावे मोजली की पात्रे मोजून झाली, असे आपण गृहीत धरतो. ज्याला नाव नाही ते वातावरण, असा एक अलिखित संकेत त्यामागे असतो. हा संकेत कितपत टिकतो, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात साहित्याबाहेरचे एक क्षेत्र विचारात घेतले आहे. पडद्यावरच्या खेळांत, म्हणजे रूढ शब्दात व्हिडिओ गेममध्ये, एकाच साच्यातून काढलेले शत्रू ओळीने येतात, मरतात आणि पुन्हा येतात. त्यांना स्वतंत्र पात्रे मानावे काय? आमच्या उपनगरी महाविद्यालयात कथनमीमांसा शिकवताना एम.ए.चे विद्यार्थी हा प्रश्न विचारतात. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे माझे मत आहे. उलट, कादंबरीत जो प्रश्न धूसर राहतो तो येथे सर्वांत स्वच्छ रूपात उभा राहतो. या खेळांतील सारखेपणा केवळ भासत नाही. एकच चित्र यंत्र पुन्हा पुन्हा काढत असते, म्हणून तो अक्षरशः खरा असतो.

'किती?' या प्रश्नाला 'काय?' हे ठरल्याशिवाय उत्तर नसते, ही गोष्ट फ्रेगेने १८८४ साली अंकगणिताच्या पायाची चर्चा करताना दाखवून दिली. संख्या वस्तूंना चिकटलेली नसते. ती संकल्पनेविषयीचे विधान असते. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात परग्रहावरील आक्रमकांच्या ५ रांगा असतात आणि प्रत्येक रांगेत ११ आक्रमक असतात. नग मोजले तर ५५. आकृत्या मोजल्या तर ३. पात्रे मोजायची म्हटली तर? बहुतेक जण 'एकही नाही' किंवा 'सगळे मिळून एक' असे म्हणतील. ही तिन्ही उत्तरे परस्परांना छेद देत नाहीत, कारण तिन्ही ठिकाणी मोजण्याची संकल्पना निराळी आहे. गोंधळ होतो तो नगांच्या मोजणीवरून पात्रांच्या मोजणीवर नकळत उडी मारल्यामुळे.

मराठीत या संदर्भात एक सोय आहे. आपल्याकडे 'पात्र' आणि 'व्यक्तिरेखा' असे दोन शब्द आहेत आणि आपण ते बेफिकिरीने एकमेकांच्या जागी वापरतो. पात्र म्हणजे मुळात भांडे. त्यात भूमिका ओतली जाते. ते रिकामेही असू शकते आणि एकाच मापाची बारा भांडीही असू शकतात. व्यक्तिरेखेत मात्र रेघ आहे, म्हणजे इतरांपासून वेगळे काढणारी सीमा. एकसारख्या शत्रूंचा प्रश्न खरे तर असा आहे : भांड्याभोवती रेघ केव्हा उमटते?

पहिले सुचणारे उत्तर 'रूप वेगळे तर पात्र वेगळे' हे आहे. १९८० सालच्या 'पॅक-मॅन'ने ते मोडीत काढले. तोरू इवातानी यांच्या या खेळातील चार भुते आकाराने तंतोतंत सारखी आहेत, फरक काय तो रंगाचा. तरीही ज्याने हा खेळ मन लावून खेळला आहे तो त्यांना एक म्हणणार नाही. तांबडे भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत खेळाडू जेथे जाणार त्याच्या चार घरे पुढचा नेम धरते. निळसर भुताची चाल खेळाडू आणि तांबडे भूत या दोघांच्या स्थानांवरून ठरते, म्हणून ते लहरी वाटते. नारिंगी भूत जवळ येते आणि आठ घरांच्या आत आले की पाठ फिरवते. जपानी मूळ खेळात त्यांच्या स्वभावांना दिलेली नावेही याच अर्थाची आहेत : पाठलाग करणारा, दबा धरणारा, लहरी, वेड पांघरणारा. येथे रंग ही केवळ खूण आहे; भेद वर्तनात आहे. चारही भुते भेदरून निळी होतात तेव्हा खूण पुसली जाते आणि त्यांच्या चालीतला भेदही तेवढ्यापुरता मावळतो. त्या काही क्षणांपुरती ती चार नग होतात. पात्रत्व येते तसे जातेही, हे एवढ्या साध्या रचनेत क्वचितच पाहायला मिळते.

यावरून एक कसोटी सुचते आणि ती भाषाविज्ञानातून उसनी घेता येते. देवनागरीत 'जग' हे एकच लेखन आहे. पण दुनिया या अर्थाचा 'जग' आणि पाण्याचा 'जग' यांचे उच्चार मराठी माणूस वेगळे करतो, आणि उच्चार बदलला की अर्थ बदलतो. उलट कितीतरी ध्वनी प्रत्यक्षात थोडेथोडे वेगळे असूनही त्यांची अदलाबदल केल्याने अर्थाला धक्का लागत नाही. त्यांना आपण एकच स्वनिम मानतो. पात्रांनाही हीच अदलाबदलीची कसोटी लावावी. दोघांच्या जागा बदलल्या आणि कथनात काहीच बिघडले नाही, तर ते दोन नग आहेत, पात्र एक. काही बिघडले, तर पात्रे दोन, मग त्यांचे रूप कितीही सारखे असो.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो आपल्याच परंपरेतला आहे. वैशेषिकांनी 'विशेष' नावाचा स्वतंत्र पदार्थ मानला. दोन पार्थिव परमाणू गुणांनी सर्वथा सारखे असले तरी ते दोन आहेत, आणि ते तसे आहेत याचे कारण प्रत्येकात असलेला, इतर कशानेही स्पष्ट न होणारा विशेष. योग्याला तो प्रत्यक्ष दिसतो, असे प्रशस्तपादाने म्हटले आहे. १९५२ साली मॅक्स ब्लॅकने अन्य काहीही नसलेल्या विश्वातील दोन तंतोतंत सारख्या गोलांची कल्पना मांडली आणि जे अभेद्य ते एकच हा लायब्निट्झचा सिद्धांत अडचणीत आणला. त्यामागेही हीच अंतःप्रेरणा आहे. मग पडद्यावरच्या दोन सारख्या शत्रूंतही असा विशेष का मानू नये? याचे उत्तर असे की परमाणू आपल्या ज्ञानाच्या आधीच असतात, पात्र तसे नसते. संहितेने, खेळाने किंवा प्रयोगाने जे दिले आणि वाचकाने त्यातून जे उभे केले, त्यापलीकडे पात्राला अंतर्भाग नाही. योग्याला दिसेल असे त्यात काही दडलेले नाही. विशेष हा नगांपुरता पुरेसा आहे, पात्राला तो उपयोगाचा नाही.

कसोटीची खरी परीक्षा १९९२ सालच्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये होते. त्यातील 'स्कॉर्पियन' आणि 'सब-झिरो' हे दोन योद्धे म्हणजे एकाच नटाची, एकाच पोशाखातील चित्रे. एकाला पिवळा रंग दिला, दुसऱ्याला निळा. बचतीची ही युक्ती त्या काळी सर्रास वापरली जात होती. पण कथेनुसार स्कॉर्पियन हा सब-झिरोने ठार मारलेल्या माणसाचा सूड घेणारा प्रेतात्मा आहे. सुडाला दोन टोके लागतात. मारणारा आणि मेलेला यांची अदलाबदल केली तर कथा कोसळते. येथे रेघ उमटते ती नात्यामुळे. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात प्रकरण अधिक गहन होते. सूड पुरा झालेला असतो आणि तरीही सब-झिरो नावाचा, त्याच वेषातला योद्धा पुन्हा हजर होतो. रूप तेच, नाव तेच. तो प्रतिस्पर्ध्याला जीवदान देतो हे स्कॉर्पियनच्या ध्यानात येते, आणि हा तो नव्हे, हे त्याला उमगते. तो मेलेल्याचा धाकटा भाऊ असतो. स्कॉर्पियन त्याला न मारण्याचे ठरवतो. करमणुकीच्या एका अतिशय हिंसक खेळाच्या तळाशी व्यक्तिभेदाचा इतका नेमका विचार असावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

आपल्या परंपरेने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू फार पूर्वी पाहिल्या आहेत. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्याच्याच आकाराचा, त्याच्याच बळाचा आणखी एक असुर उभा राहतो. रणांगण त्यांनी भरून जाते. चामुंडा ते रक्त वरच्यावर झेलते, उपजलेल्यांना गिळते, आणि अखेर रक्तहीन झालेला रक्तबीज कोसळतो. नवरात्रात सप्तशतीचा पाठ ऐकणाऱ्या कोणालाही त्या उपजलेल्यांचा मृत्यू हा स्वतंत्र मृत्यू वाटत नाही. कथा मरण देते ते एकालाच. त्यांचा पुरवठा अमर्याद आहे; ज्याचा पुरवठा अमर्याद त्याची अदलाबदल फुकट असते.

महाभारताचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. आदिपर्वात कौरवांची शंभर नावे सांगितली आहेत, आणि त्यांतील बहुतेक नावेच राहतात. पुढे आपल्याला त्यांचे फक्त मरण कळते. म्हणजे नाव मिळाले तरी पात्र मिळत नाही. शंभरांना मारण्याचा भीमाचा पण हा शुद्ध नगांचा हिशेब आहे. पण द्यूतसभेत विकर्ण एकटा उभा राहून द्रौपदीच्या बाजूने बोलतो. ही एकच कृती त्याच्याभोवती रेघ ओढते, आणि द्रोणपर्वात त्याला मारल्यावर भीम हळहळतो. पणाच्या हिशेबात तो शंभरांतला एक होता. हळहळीच्या हिशेबात तो एकटा आहे. दोन्ही हिशेब एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी चालू आहेत, आणि व्यासांनी त्यांचा मेळ घातलेला नाही, हे विशेष.

आधुनिक मराठी रंगभूमीवर हा प्रश्न देहाने उभा केला तो 'घाशीराम कोतवाल'ने. तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ साली जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातील बारा ब्राह्मणांची ओळ कधी गाते, कधी डोलते आणि पाठ फिरवली की भिंत होते. अदलाबदलीच्या कसोटीने पाहिले तर हे एक पात्र आहे आणि संहितेला ते तसेच हवे आहे : व्यवस्था, जिच्यामागे हवे ते झाकता येते आणि जिला स्वतःचा चेहरा नाही. पण खेळाच्या पडद्यावर जे साधते ते येथे साधत नाही. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात वा मुलुंडच्या कालिदासमध्ये शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही ओळीतला चौथा जरा उंच आहे आणि नववा ठेक्यात किंचित मागे आहे, हे दिसते. नटाचा देह संहितेने न मागितलेला भेद आपल्याबरोबर घेऊन येतो. या नाटकावर झालेली चर्चा मुख्यतः इतिहासाच्या विपर्यासाभोवती आणि जातीच्या चित्रणाभोवती फिरली. भिंतीतल्या माणसांकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही. भिंत ही माणसांची आहे हे प्रेक्षक क्षणभरही विसरू शकत नाही. त्या नाटकाची अस्वस्थता माझ्या मते निम्म्याहून अधिक यातून येते. एकसारखे होण्यासाठी त्या बारा जणांना सतत काहीतरी करावे लागते. पडद्यावरच्या शत्रूला ते आयते मिळालेले असते.

आतापर्यंतची चर्चा पात्रांपुरती होती. परंतु अदलाबदलीची कल्पना साहित्याच्या कुंपणात राहत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले त्याच्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांची संख्या ९०० दिली आहे : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ इतर. या कोष्टकात 'अज्ञात' हा शब्द वाचताना आपण थबकतो. पण नीट पाहिले तर त्या ४५ जणांचा फक्त वर्ग अज्ञात आहे. उरलेल्या ८५५ जणांविषयी तरी कोष्टक वर्गापलीकडे काय सांगते? कोष्टकाला दोष देण्यात अर्थ नाही. नग मोजणे हे त्याचे काम आहे आणि तेही कोणीतरी करायलाच हवे. दोष आहे तो घटनेच्या वेळी सांगितल्या जाणाऱ्या कथेत, ज्या कथेत 'त्यांनी' केले म्हणून 'त्यांच्यातला' कोणीही चालतो. दंगलीतला सूड हा अदलाबदल मान्य केल्याशिवाय घेताच येत नाही. जोगेश्वरीच्या गल्लीत समोर आलेला माणूस आणि ज्याने काही केले असे सांगितले जाते तो माणूस यांतील फरक शून्य मानावा लागतो. खेळातला तो पिवळा प्रेतात्मा समोरच्याचे वर्तन पाहून हा तो नव्हे म्हणतो आणि थांबतो. त्याच्यापाशी असलेली ही विवेकबुद्धी त्या दिवसांत अनेकांपाशी नव्हती.

येथे एक भेद राखणे अगत्याचे आहे. संहिता ज्याच्याभोवती रेघ ओढत नाही ते पात्र नाही, हे विधान मी मागे घेत नाही. रक्तबीजाच्या थेंबांविषयी शोक करण्याचे कारण नाही. पात्रत्व हे दिले जाते, आणि ते देणे-न देणे हा लेखकाचा अधिकार आहे. व्यक्ती असणे मात्र कोणी देत नाही. कथनाच्या सवयी जेव्हा कथेबाहेरच्या माणसांना लावल्या जातात तेव्हा हा भेद पुसला जातो. मर्ढेकरांनी पिंपातल्या उंदरांवर कविता लिहिली तेव्हा ज्या महानगरी अनुभवाला हात घातला तो हाच, असे मला वाटते. बोरिवलीहून सकाळी सव्वाआठची गाडी पकडणाऱ्याला त्यावर भाष्य लागत नाही.

मांडलेल्या कसोटीला एक गाठ सुटत नाही, तिचा उल्लेख करून ठेवतो. 'स्पेस इन्व्हेडर्स'मधील आक्रमक जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने सरकू लागतात. त्यामागे कथेतला कोणताही हेतू नाही. काढायच्या आकृत्या कमी झाल्याने यंत्राचे काम हलके होते, इतकेच. पण शेवटचा एकटा उरलेला आक्रमक ज्या घाईने या कडेपासून त्या कडेपर्यंत धावतो, त्या घाईला खेळाडू भीती म्हणतो, चवताळणे म्हणतो, कोणी त्याला शिव्याही देतो. तो त्या ५५ पैकी कोणता, याने काहीच बिघडत नाही. कोणीही शेवटचा असू शकला असता. म्हणजे कसोटीनुसार तो नग आहे. आणि तरीही त्या दोन-चार सेकंदांत त्याच्याभोवती रेघ उमटलेली असते. ती कोणी ओढली, संहितेने, यंत्राने की पाहणाऱ्याने, हे ठरवायला अदलाबदलीची कल्पना अपुरी पडते. 'इत्यादी'मधल्या शिपायाविषयी, इतर सारे रंगमंचावरून निघून गेल्यावर जो एकटा मशाल धरून उभा असतो त्याच्याविषयी, हाच प्रश्न विचारता येईल.